मागचा लावंल

१

शेवटचं राहायचं काम कुणालाच नको असतं. पुढच्या गाड्यांनी उडवलेला सगळा फुफाटा शेवटच्यानं खायचा, आणि वर कुणी पडलं, कुणाची गाडी बंद पडली, तर थांबायचं पण त्यानंच. आमच्या मोटारसायकलींच्या क्लबात हे काम माझ्या गळ्यात पडलं ते शारिकमुळं. "वैजू, तू चिडका हायस यार, पण कुणाला टाकून पळणारा न्हाईस," असं तो म्हणतो. शारिकचं अहमदपुरात टायरचं दुकान हाय. क्लब त्यानंच काढला आणि रांगेत पुढं कायम तोच असतो. पुढं राहणाऱ्याला असं गोड बोलायला काय जातंय?

रानातल्या वाटांवर गाड्या घालायच्या तर आमचे दोन कायदे हायत. पहिला हाताचा. वाटेला फाटा फुटला की तिथं थांबायचं. मागचा दिसला की डावा हात वर करायचा, त्यानं पण हात वर केला की मगच निघायचं. म्हणजे कुणी चुकत नाही. आणि एकदा ज्याला हात केला तो आपला, तो दिसेनासा झाला तर माघारी फिरून त्याला शोधायचं.

दुसरा कायदा काटीचा. ढोरं घुसू नयेत म्हणून शेतकरी रानाच्या तोंडाला बाभळीची काटेरी फांदी ओढून ठेवतात, तिला आमच्याकडं काटी म्हणतात. ती शारिकनं बाजूला ओढायची आणि सगळे गेले की मी परत लावायची. मधल्या कुणी तिला हात लावायचा नाही. लावलेली काटी दिसली की समजायचं, शेवटचा माणूस पुढं गेला, आता मागं कुणी नाही.

घरी पण आमचा हाच कायदा. जो शेवटी येईल त्यानं गेटाची कडी लावायची. माझी माय, केवळाबाई, सकाळी उठली की तोंडावर पाणी मारायच्या आधी कडी बघते.

मेच्या त्या रविवारी मी धाकट्या बहिणीला, ऋतुजाला, पहिल्यांदा सोबत नेलं. ती लातूरला एका लॅबमध्ये कामाला हाय, सुट्टीला आली होती, आणि दोन दिवस नुसतं डोकं खाऊन राहिली होती. शेवटी मी हो म्हणालो. मायनं धपाट्याचा डबा माझ्या हातात दिला पण सोडला नाही.

"घेऊन चाललास, तर घेऊनच ये," ती म्हणाली. "तिला कुठं टाकून तू एकटा दारात आलास, तर मी कडी काढायची न्हाई, सांगून ठेवते."

"माय, आम्ही काय लढाईला चाललोय का?"

"मला म्हाईत न्हाई. तिला घेऊन ये."

२

नवा माणूस शेवटच्याच्या पुढं ठेवायचा असतो, म्हणून ऋतुजा माझ्या पुढं होती. अहमदपूर सोडलं, डांबरी सोडली, आणि मुखेडच्या अंगानं रानारानानं नायगावला जायचं म्हणून आत शिरलो. नांगरून पडलेली काळी रानं, मध्येच तुरीच्या खुट्या, एखादा पळस. पोरगी झकास चालवत होती. दर फाट्यावर थांबायची, हात वर करायची, मी हात केला की निघायची. मला आतून लई बरं वाटत होतं, पण मी तसं तोंडावर दाखवणाऱ्यातला नाही.

दहा वाजले नसतील तोवर ऊन मी म्हणायला लागलं. हेल्मेटात डोकं शिजत होतं. एका रानाच्या तोंडाशी काटी लावून मी गाडीवर बसलो, आरसा पुसला, आणि मागं फुफाट्यात एक दिवा दिसला.

दिव्याचं काही विशेष नाही. नव्या गाड्यांचे दिवे दिवसा पण जळतात. असंल कुणी गावातलं, आमच्याच वाटेनं शेतावर चाललेलं. मी वळून बघितलं तर वाट मोकळी. आरशात बघितलं तर नुसती धूळ. आरसा बसवलाय तो नट ढिला हाय, गाडी चालू असली की आरसा थरथरतो, त्यात सूर्य पण दिसतो. मी मनातल्या मनात आरशाला शिवी हासडली आणि निघालो.

पुढच्या फाट्यावर ऋतुजा उभी होती. तिनं हात वर केला. मी केला. तिनं खाली घेतला आणि परत एकदा वर केला. मला वाटलं, खांदा दुखत असंल.

३

एका विहिरीजवळ चिंचेखाली सगळे थांबलो. धपाटे निघाले, दही निघालं. ऋतुजा हेल्मेट काढून माझ्यापाशी आली.

"दादा, तुझ्या मागं कोण हाय रे?"

"माझ्या मागं? माझ्या मागं आपली माती."

"न्हाई. एक गाडी हाय. तू हात केला की तुझ्यानंतर तो पण करतो. मग मी त्याला पण केला. नियम हाय ना?"

शारिकनं ऐकलं आणि तो मोठ्यानं हसला. "पाणी पाज रे तिला. एवढ्या उन्हात मला पण आज सगळीकडं तळंच दिसून राहिलं." मग तो एकदम थांबला. "अरे, सिद्धराम असंल! उशीर होईल म्हणला होता न काल. मागनं गाठतो म्हणला होता."

सिद्धराम आमचा उदगीरचा भिडू. हाव, म्हणाला होता खरा. माझ्या डोक्यावरचं ओझंच उतरलं. फोन लावून बघावा तर तिथं रेंज नव्हती. मी चिंचेच्या सावलीतून मागच्या वाटेकडं बघत बसलो. एवढं रिकामं रान, आलेला माणूस लांबून दिसला असता. चिंचेखाली दही-धपाटे सोडून सिद्धराम उन्हात कशाला थांबंल? खाण्याच्या बाबतीत तो मागं राहणारा गडी नव्हे. पण मी तेवढ्यावरच विचार सोडून दिला. उन्हात विचार करायला पण जोर लागतो.

४

विहिरीनंतर माळ सुरू झाला. झाड नाही, ढोर नाही, पाखरू नाही. एका रानातून बाहेर पडताना काटी लावायला मी उतरलो आणि गाडी बंद केली.

मागं कुठंतरी एक गाडी चालू होती. क्षणभर ऐकू आली आणि बंद झाली. माझी बंद झाल्यावर लगेच.

मी किल्ली फिरवली. माझी चालू झाली. मागं ती पण झाली. परत बंद केली. ती पण बंद. आवाज डिट्टो माझ्या गाडीसारखा, सायलेन्सरची जाळी ढिली झाल्यावर खुळखुळ येते ना, ती पण होती. हा आपलाच आवाज हाय, समोरच्या बांधावर आपटून माघारी येतोय, असं मी स्वतःला सांगितलं. मग डोळ्यांवर हात धरून बघितलं तर कोपऱ्यावरून धूळ वर येत होती आणि त्यात दिवा होता. धुळीत सावलीसारखा माणूस गाडीवर बसलेला.

सांगतो, मला भीती वाटली नाही. मला बरं वाटलं. म्हणलं आला एकदाचा! मी हात वर केला. धुळीतून हात वर आला.

मग मी जे केलं ते कुणीही केलं असतं. काटी अर्ध्यात ओढली होती, ती सोडून दिली. मागं माणूस असताना आपण का लावायची? माझे हातमोजे काट्यांनी आधीच फाटले होते. "मागचा लावंल," असं मी चक्क मोठ्यानं म्हणालो आणि निघालो. सकाळपासून पहिल्यांदा मी शेवटचा नव्हतो.

५

थोडं पुढं गेल्यावर मला डोळ्यांपुढं पिवळं दिसायला लागलं. ऊन लागलं होतं. वाट एका कोरड्या ओढ्याच्या काठाकाठानं चालली होती. मी गाडी खाली पात्रात उतरवली, काठाच्या सावलीत टेकलो, हातमोजे काढून डोक्यावर पाणी ओतलं. एकटा असतो तर थांबलो नसतो. पण मागं सिद्धराम होता, तो येऊन थांबंल, मग दोघं मिळून जाऊ.

वरनं गाडी आली. खुळखुळ वाजत माझ्या डोक्यावरच्या काठावरून गेली, थांबली नाही, पुढं गेली. मी ओरडलो. मला लई राग आला. शेवटच्यानं कुणाला मागं टाकून जायचं नसतं, हे ह्या माणसाला सांगायला पाहिजे का?

तेवढ्यात खिशात फोन वाजला. ओढ्याच्या त्या एवढ्याशा तुकड्यात रेंज होती. सकाळचे अडकलेले मेसेज आले. सिद्धरामचा होता. सासरे आलेत, जमलं नाही, घरीच हाय, मजा करा. सोबत फोटो. बनियनवर बसून आमरस खाणारा सिद्धराम.

मी तो फोटो बघत राहिलो. मग एकदम डोक्यात आलं, की माझ्या पुढं आता तो हाय. आणि त्याच्या पुढं ऋतुजा.

६

गाडी कशी वर काढली ते आठवत नाही. फाटा आला. फाट्यावर ऋतुजा नव्हती.

आजपर्यंत असं झालं नव्हतं. फाट्यावर आपलं माणूस नाही याचा एकच अर्थ होतो. तिनं मागच्याला हात केला, मागच्यानं तिला केला, आणि नियमाप्रमाणं ती निघाली. हेल्मेट घातल्यावर आणि धुळीत मळल्यावर कोण कुणाला ओळखतंय? तिला वाटलं मी आलो.

दोन वाटा होत्या आणि दोन्हींवर चाकांच्या खुणा होत्या. मी उजवीकडची धरली, का ते सांगता येणार नाही. थोडं पुढं गेलो आणि समोर काटी आडवी.

ती लावलेली होती. नीट, बुडखा बांधाला टेकवून, शेंडा दगडाखाली दाबून. अशी मी लावतो. क्लबात दुसरं कुणी दगड ठेवत नाही.

मी गाडीवर बसून त्या फांदीकडं बघत होतो. शेवटचा माणूस पुढं गेला होता. त्याच्या हिशोबानं मागं कुणी राहिलं नव्हतं. मी हितं उन्हात, चालू गाडीवर, घामानं निथळत जिता उभा हाय, आणि माझी काटी लावून झाली होती. मला रडू आलं. खोटं कशाला बोलू? मायचा चेहरा डोळ्यांपुढं आला. मग मी उतरलो आणि ती फांदी उघड्या हातानं ओढून काढली. रक्त आलं ते नंतर दिसलं.

७

माळ संपतो तिथं चढ हाय आणि चढाच्या डोक्यावर फाटा. तिथं ऋतुजा उभी होती. लांब होती, पण लाल हेल्मेट दिसत होतं. तिचा हात वर होता.

तिच्या आणि माझ्या मध्ये धूळ चालली होती. पान हलंल एवढा पण वारा नव्हता. आमची धूळ गाडीच्या मागं उडते. ही सगळ्या बाजूंनी होती, चढ चढत होती, आणि तिच्यात दिवा होता. मी हॉर्न दाबून धरला. "ऋतू! थांबू नको! जा तिथून!" घसा फाटेस्तोवर ओरडलो. धूळ तिच्यापाशी गेली आणि थांबली. ऋतुजानं हेल्मेटची काच वर केली. ती कुणाशी तरी बोलत होती. मान हलवत होती, घरात माझ्याशी बोलताना हलवते तशी.

मग धूळ थोडी विरली. एक हात दिसला, डावा, वर केलेला. ह्या खेपेस तो ऋतुजाला केलेला नव्हता. तो माझ्याकडं होता. हातमोजा माझ्यासारखाच फाटका होता. हाताच्या खाली काय होतं ते मला दिसलं नाही, आणि दिसलं नाही तेच बरं झालं.

माझा पण हात वर चालला होता. सवय. मी तो दातओठ खाऊन हँडलवर दाबून ठेवला.

वर पोचलो तेव्हा ऋतुजा एकटी होती. गाडी बंद, हात अजून वर. मी तिचा दंड धरून हात खाली ओढला. तो सहजासहजी येईना.

"दादा?" ती माझ्याकडं बघून गोंधळली. "तू माघारी कशाला गेलास? आत्ताच तर म्हणालास, हितंच थांब, मागचा राहिलाय, त्याला येऊ दे."

"मी न्हाई म्हणालो."

"मग कोण म्हणालं?"

"गाडी चालू कर. माझ्या पुढं राहा. कुठल्याच फाट्यावर थांबायचं न्हाई आता."

"पण दादा, नियम हाय. मी हात केलाय त्याला."

"चुलीत गेला नियम!" मी असा ओरडलो, की ती दचकली आणि निघाली. आरसा मी मुठीनं आत वळवून टाकला होता.

८

शारिक नायगावच्या अलीकडं डांबरीवर वाट बघत होता. आम्हाला बघून त्यानं हात वर केला, आणि आम्ही त्याच्यापाशी येऊन थांबलो तरी तो मागच्या वाटेकडंच बघत होता. मी त्याचा हात झटक्यानं खाली घेतला. "पागल झाला का?" तो म्हणाला. काय सांगायचं?

डांबरीनं घरी आलो. ऊन कलायच्या आत ऋतुजा दारात होती, धडधाकट. माय तिच्या तोंडावरून हात फिरवत होती आणि मला पहिल्यांदा श्वास नीट आला. गेटात मी शेवटी शिरलो. कडी लावली, हलवून बघितली.

"दादा, राहू दे ना उघडं," ऋतुजा म्हणाली. "मागचा यायचाय."

"कोण यायचंय गं?" मायनं विचारलं.

"ऊन लागलंय तिला," मी म्हणालो.

मायनं कांद्याचा रस चोळला, पन्हं पाजलं. पण ऋतुजा दुसऱ्या दिवशी गल्लीच्या कोपऱ्यावर थांबून मागं बघत होती. किराणा आणायला गेली तर दुकानाच्या वळणावर. घरात पण तेच. स्वयंपाकघरातून बैठकीत येताना दारात थांबायची, मागं बघायची आणि डावा हात जरासा वर करायची. मग त्या दारातून पुढं येणंच बंद झालं. हात करायची आणि थांबून राहायची, कारण तिकडून हात येत नव्हता.

नंतर ती गेटाच्या आत यायला तयार होईना. बाहेरच्या पायरीवर बसून राहिली. डॉक्टर झाले, सलाइन झालं. घास तोंडात घ्यायची नाही. "मी त्याला हात केलाय दादा," एवढंच म्हणायची, शांतपणे, मलाच समजावल्यासारखं. "त्याला टाकून मी आत कशी येऊ? तूच शिकवलंस ना?" ओठ फुटले होते तिचे. सावलीत बसून पण ती उन्हात उभी असल्यासारखी दिसत होती.

माय माझ्या छातीवर बुक्क्या मारून रडली. "घेऊन ये म्हणाले होते न तुला! कुठं टाकून आलास रे तिला?"

त्या दिवशी दिवेलागणीला मी गेटापाशी गेलो. ऋतुजा पायरीवर होती. गल्लीत कुणी नव्हतं. कोपऱ्यावर थोडी धूळ उडालेली होती, वारा नसताना. मी कडी काढली. गेट सताड उघडं केलं. कोपऱ्याकडं बघून डावा हात वर केला.

"चल ऋतू," मी म्हणालो. "कडी मागचा लावंल."

ती उठली. किती दिवसांनी हसली! माझा हात धरून आत आली, भात-वरण मागून घेतलं, दोनदा वाढून घेतलं, आणि मायच्या मांडीवर झोपली. माय तिच्या केसांतून हात फिरवत होती. मी भिंतीला टेकून गेटाकडं कान देऊन बसलो होतो, पण दिवसभराचा शीण होता, डोळा लागला.

सकाळी ऋतुजाच्या बोलण्यानं जाग आली. स्वयंपाकघरातून बैठकीत आली, चहा घेऊन, दारात न थांबता. गालावर रंग आला होता. तिला आता कुणासाठी थांबायची गरज नव्हती.

माय अंगणातून आली, पदराला हात पुसत.

"कडी आज चांगली पक्की लावलीस बाबा," ती म्हणाली. "वर दगड पण टेकवलास. रात्री तूच आलास ना रे शेवटी?"

ऋतुजा माझ्याकडं बघत होती. मी चहाचा कप हातात घेतला.

"हाव माय," मी म्हणालो. "मीच होतो शेवटचा."